पत्राच्या बदल्यात अंक

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका आणि ब्रिटनमधल्या विज्ञानकथाप्रेमींनी घरच्या घरी काढलेले अंक चाळायला घेतले, तर एक गोष्ट लगेच खटकते. जिथे किंमत छापलेली असायची तिथे पुष्कळदा आकडाच नसतो. 'द यूझुअल' एवढेच लिहिलेले असते, म्हणजे 'नेहमीप्रमाणे'. नवख्याला यातून काही उमगत नसे. मुरलेल्याला सगळे कळे. तुम्ही स्वतः अंक काढत असाल तर तो आम्हाला पाठवा. काढत नसाल तर हा अंक वाचून सविस्तर पत्र लिहा. तेही नको असेल तर पुढच्या अंकासाठी लेख किंवा चित्र द्या. पैसे सगळ्यात शेवटी. काही संपादक तर पैशातली किंमत मुद्दाम चढी ठेवत. त्यांना गिऱ्हाईक नको होते, बोलणारा माणूस हवा होता.

काही अंकांच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात आणखी एक यादी असे: हा अंक तुम्हाला का आला? तुमचे पत्र यात छापले आहे. तुमच्या अंकाशी आमची अदलाबदल आहे. तुमच्याबद्दल यात काही लिहिले आहे. आणि तळाशी हमखास एक ओळ, की आता काही हालचाल केली नाहीत तर हा तुमचा शेवटचा अंक. संपादक प्रत्येक प्रतीवर पेनाने योग्य त्या ओळीपुढे खूण करून पाकीट चिकटवी. वर्गणी संपल्याचे स्मरणपत्र आपल्या ओळखीचे आहे. इथे थकबाकी होती ती अभिप्रायाची.

लिहिणाऱ्या माणसापुढे दोन प्रश्न कायम असतात. आपण लिहिले ते कसे झाले हे खरेखुरे कोण सांगणार, आणि ओळखीपाळखीच्या पलीकडचा वाचक कुठून येणार? या हौशी मंडळींनी पहिला प्रश्न झकास सोडवला. दुसऱ्याशी मात्र ती बराच काळ झगडत राहिली, आणि गंमत अशी की पहिल्याचे उत्तर जितके चोख, तितका दुसरा प्रश्न अवघड होत गेला.

हे विज्ञानकथेपासून सुरू झाले नाही. 1867च्या सुमारास बॉस्टनच्या बेंजामिन वुड्सने 'नॉव्हेल्टी प्रेस' नावाचे छोटे, स्वस्त छपाईयंत्र बाजारात आणले. घरी टेबलावर मावेल असे. अमेरिकेतल्या शाळकरी पोरांनी ते उचलले आणि खिळे जुळवून चार-आठ पानी पत्रे काढायला सुरुवात केली. ती विकायची कोणाला? मग एकमेकांना पाठवायची. 4 जुलै 1876 रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शंभरी साजरी होत असताना, फिलाडेल्फियात यातल्या काही जणांनी एकत्र येऊन 'नॅशनल अमॅच्युअर प्रेस असोसिएशन' स्थापन केली. पुढे 1895मध्ये 'युनायटेड' नावाची दुसरी संघटना निघाली. दोघींत भांडणे, फाटाफूट, निवडणुका, अध्यक्षपदावरून रुसवेफुगवे असे सगळे यथासांग झाले. ते इथे सोडून देऊ. महत्त्वाचे हे की 'युनायटेड'ने अभिप्रायाची रीतसर खातीच उघडली. एक खाते जाहीर समीक्षेचे: सभासदांचे जे जे अंक निघतील त्यांचा परामर्श संघटनेच्या मुखपत्रात घ्यायचा. दुसरे खासगी समीक्षेचे: ज्याला चारचौघांत कान पिळून घ्यायचे नसतील त्याने आपले हस्तलिखित टपालाने पाठवावे आणि सूचना टपालानेच घ्याव्यात.

या जाहीर समीक्षेच्या खात्यावर 1914च्या अखेरीस एक विचित्र माणूस येऊन बसला. हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट. आज भयकथेचा इतिहास त्याच्या नावावाचून पुरा होत नाही. तेव्हा तो प्रॉव्हिडन्स गावात आईबरोबर राहणारा, शाळा अर्धवट सुटलेला, जवळजवळ पाच वर्षे घराबाहेरच्या जगाशी संबंध तोडून बसलेला चोवीस वर्षांचा तरुण होता. तो बाहेर आला तो एका भांडणामुळे. 'आर्गसी' या लोकप्रिय कथामासिकातल्या एका लेखकाच्या प्रेमकथा त्याला भिकार वाटत. त्याने संपादकाला तसे पत्र लिहिले, ते छापून आले आणि त्या लेखकाचे चाहते त्याच्यावर तुटून पडले. लव्हक्राफ्टने अठराव्या शतकातल्या इंग्रजी कवींच्या थाटात पद्यात उत्तर दिले. प्रतिपक्षातल्या एकाने, जॉन रसेलने, पद्यातच टोला परतवला. हा सामना 'युनायटेड'च्या एका पदाधिकाऱ्याच्या नजरेस पडला आणि त्याने दोघांनाही संघटनेत यायचे निमंत्रण दिले. मासिकाच्या पत्रव्यवहाराच्या पानावर भांडणारे लोक म्हणजे उद्याचे लेखक, हे त्या पदाधिकाऱ्याने बरोबर हेरले होते.

समीक्षक म्हणून लव्हक्राफ्ट काटेकोर होता. कोणाच्या कवितेत मात्रा चुकली, कुठे यमक ओढूनताणून आणले, कुठे व्याकरण घसरले, हे तो ओळ धरून दाखवी. त्याची अभिरुची शंभर-दीडशे वर्षे मागे अडकलेली, त्यामुळे मुक्तछंद लिहिणाऱ्यांची धडगत नसे. पण तो प्रत्येक अंक खरोखर वाचे. एखाद्या खेड्यातल्या पोराने काढलेल्या चार पानांनाही कोणीतरी अथपासून इतिपर्यंत वाचले आहे, याचा पुरावा मुखपत्रात छापून येई. मला यातली खरी किंमत इथेच वाटते. सूचना बरोबर होत्या की नाही हा प्रश्न नंतरचा.

त्याचे स्वतःचे पत्र 'द कन्झर्व्हेटिव्ह' 1915मध्ये सुरू झाले आणि अभिप्रायाची दुसरी, कमी सुखद बाजू त्याच्या अनुभवाला आली. ब्रुकलिनचा चार्ल्स आयझॅक्सन हा ज्यू तरुण 'इन अ मायनर की' नावाचे पत्र काढी. त्यात त्याने कवी वॉल्ट व्हिटमनची स्तुती केली आणि वंशद्वेषाविरुद्ध लिहिले. लव्हक्राफ्टने 'कन्झर्व्हेटिव्ह'मध्ये त्यावर झोड उठवली; त्या मजकुरात कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचे गोडवे गाण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. आयझॅक्सनने उत्तर दिलेच, पण त्याच्या बाजूने जेम्स मॉर्टन हा मुरलेला, वंशभेदाविरुद्ध आधीपासून लिहिणारा गृहस्थ उतरला आणि त्याने या तरुण पंडिताची अक्षरशः चंपी केली. पुढे याच मॉर्टनशी लव्हक्राफ्टची घट्ट मैत्री झाली, ती आयुष्यभर टिकली. लव्हक्राफ्टचा वंशद्वेष काही त्या एका तडाख्याने गेला नाही. तो त्याच्या लेखनात पुढेही जागोजाग भेटतो. तरी घराचा उंबरठा न ओलांडणाऱ्या माणसाला आपल्याहून जाणता विरोधक भेटला तो या अदलाबदलीच्या अंकांमुळेच.

आणि भयकथा? त्याने 1908नंतर गोष्टी लिहिणे सोडून दिले होते. 'युनायटेड'च्या मुखपत्रात 1916मध्ये त्याची एक जुनी कथा, 'द अल्केमिस्ट', छापली गेली. ती वाचून डब्ल्यू. पॉल कुक या हौशी मुद्रकाने त्याला पुन्हा कथा लिहिण्याचा आग्रह धरला. 1917च्या उन्हाळ्यात 'द टूम' आणि 'डॅगन' लिहून झाल्या. 'डॅगन' आधी कुकच्याच 'द व्हॅग्रंट'मध्ये 1919 साली आली. मग ती एका टपाल मंडळातून फिरली. 'ट्रान्सअटलांटिक सर्क्युलेटर' नावाच्या या मंडळात अमेरिका, कॅनडा आणि इंग्लंडातले हौशी लेखक आपापली हस्तलिखिते एका गठ्ठ्यात घालून एकाकडून दुसऱ्याकडे पाठवत आणि प्रत्येक जण त्यावर शेरे लिही. तिथे या कथेला आक्षेप आले, आणि लव्हक्राफ्टने 1921मध्ये त्यांना लांबलचक उत्तरे लिहिली. भयकथेचे काम काय, ती कोणासाठी, वास्तवाशी तिचे नाते काय, याची त्याने प्रथमच नीट मांडणी केली ती या उत्तरांत. शेरे मारणाऱ्यांना आपण केवढे काम करून घेतले याची कल्पना असायचे कारण नाही. 'वीअर्ड टेल्स' या धंदेवाईक मासिकात 'डॅगन' 1923च्या ऑक्टोबरमध्ये आली, तोवर ती अशी तावूनसुलाखून निघाली होती.

आता दुसरा टप्पा. ह्यूगो गर्न्सबॅकने एप्रिल 1926मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले. वाचकांची पत्रे छापताना त्याने पत्रलेखकांची नावेच नव्हे, पूर्ण पत्तेही द्यायला सुरुवात केली. एवढ्याशा गोष्टीने केवढा फरक पडावा! गावात एकट्यालाच हे वेड आहे अशा समजुतीत असलेल्या मुलांना कळले की शंभर मैलांवर आपल्यासारखा दुसरा आहे आणि त्याचा घर क्रमांक अमुक आहे. त्यांनी संपादकाला वगळून थेट एकमेकांना लिहिले. अशा पत्रमैत्रीच्या मंडळातून मे 1930मध्ये 'द कॉमेट' निघाला. विज्ञानकथाप्रेमींचा पहिला हौशी अंक म्हणून तोच धरला जातो. क्लीव्हलंडमध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर या शाळकरी दोस्तांनी आपला अंक काढला आणि जानेवारी 1933च्या अंकात 'सुपरमॅन' हे नाव असलेली एक कथा छापली. त्यातला सुपरमॅन दुष्ट होता. तो सज्जन होऊन, झगा घालून, कॉमिकच्या मुखपृष्ठावर यायला 1938 उजाडले.

छपाईची साधने या अंकांच्या स्वभावाला कारण झाली. पैसे नसतील त्याने हेक्टोग्राफ वापरायचा: पसरट ट्रेमध्ये जिलेटिन थिजवायचे, खास शाईने लिहिलेला किंवा टंकलेला कागद त्यावर पालथा दाबायचा, शाई जिलेटिनमध्ये उतरली की कोरे कागद एकेक करून दाबून उचलायचे. छपाई जांभळी, बोटेही जांभळी. पन्नासच्या आसपास प्रती निघाल्या की अक्षरे विरत जात. म्हणून 1937मध्ये डोनाल्ड वॉलहाइम या विज्ञानकथाप्रेमीने 'फँटसी अमॅच्युअर प्रेस असोसिएशन', म्हणजे 'फापा', काढली तेव्हा सभासदसंख्येची मर्यादा पन्नास ठेवली. पुढे ती पासष्ट झाली.

'फापा'चा व्यवहार आपल्या भिशीसारखा. प्रत्येक सभासदाने आपल्या अंकाच्या ठरावीक प्रती व्यवस्थापक-संपादकाकडे पाठवायच्या. तो दर तीन महिन्यांनी सगळ्यांचे अंक एकत्र करून गठ्ठे बांधी आणि एकेक गठ्ठा प्रत्येकाला धाडी. एक अंक घातला की पन्नास जणांचे अंक हातात. संपादक मजकुरात ढवळाढवळ करत नसे. त्याचे काम मोजणे, बांधणे, पाठवणे. नियम एकच महत्त्वाचा: वर्षाला किमान आठ पाने लिहिलीच पाहिजेत, नाहीतर नाव कटाप. नुसत्या वाचकाला जागा नव्हती. भरभराटीच्या काळात आत येण्यासाठी प्रतीक्षा यादी असे, आणि नंबर लागायला काही वर्षेही जात.

गठ्ठा आला की तो वाचायचा आणि पुढच्या अंकात प्रत्येकाच्या लेखनावर टिपणे लिहायची. काहींचे अख्खे अंक या टिपणांचेच असत. तीन महिन्यांपूर्वी कोणी काही म्हटले, त्यावर आता उत्तर, त्याच्या प्रत्युत्तरासाठी आणखी तीन महिने. या संथपणाचा फायदा असा, की रागाच्या भरात लिहिलेले छपाईसाठी टंकताना निम्मे तरी निवे. सगळेच अभिप्राय काही मौलिक नसत. 'वाचले, आवडले, काही म्हणायचे नाही' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरे, आर.ए.ई.बी.एन.सी., इतकी सर्रास वापरली जात की तो थट्टेचा विषय झाला. आपल्याकडच्या 'छान!', 'अप्रतिम!' यांचे ते चुलतभावंड. मुरलेले सभासद अशी पोच देणाऱ्यावर मनातून खट्टू असत. कारण सरळ होते: आठ पाने लिहिणाऱ्याला वाचल्याची पावती नको असते, कुठे अडलात, कुठे पटले नाही, तुमच्या बाबतीत काय घडले, हे हवे असते. जे स्वतंत्र अंक पत्रांवर चालत, त्यांचे संपादक आलेल्या पत्रांतली चांगली निवडून छापत आणि उरलेल्यांची नुसती नावे 'यांचीही पत्रे आली' अशा मथळ्याखाली देत. त्या यादीत जाणे म्हणजे सौम्य अपमान. पुढच्या वेळी माणूस नीट पत्र लिही.

याने लेखक घडले का? काही नक्कीच. रे ब्रॅडबरीची पहिली छापील कथा 1938मध्ये लॉस एंजेलिसच्या एका हौशी अंकात आली आणि वाचकांना ती फारशी रुचली नाही. खचून न जाता त्याने 1939मध्ये स्वतःचा 'फ्यूचुरिया फँटासिया' काढला. चारच अंक निघाले, पण त्यातल्याच एका लेखनाचा विस्तार करून, दुसऱ्या लेखकाच्या साथीने, त्याने 1941 साली आपली पहिली मानधन मिळालेली कथा छापून आणली. बेलफास्टमध्ये वॉल्ट विलिस 1948पासून 'स्लँट' काढे. हाताने खिळे जुळवून, लिनोवर कोरलेली चित्रे घालून. त्याच्या मदतीला बॉब शॉ आणि जेम्स व्हाइट होते. दोघेही पुढे नावाजलेले विज्ञानकथाकार झाले. विलिसला अमेरिकेत कोणी पाहिले नव्हते, पण त्याचा तिरकस विनोद इतका मुरला होता की तिथल्या वाचकांनी आपसात निधी जमवून 1952मध्ये त्याला शिकागोच्या विज्ञानकथा संमेलनाला बोलावून घेतले. ज्याला पत्राच्या मोबदल्यात अंक पाठवला त्यानेच बोटीच्या भाड्यासाठी वर्गणी काढावी, असा हा व्यवहार.

पण या सगळ्यात नवा वाचक कुठे आहे? इथेच गोम आहे. लिहिणाराच वाचणार हा नियम जितका कडक, तितके वर्तुळ बंद. टिपणांवर टिपणे आणि त्या टिपणांवर टिपणे असा मजकूर मूळ अंक न पाहिलेल्याला वाचता येत नाही. जुन्यांचे विनोद जुन्यांनाच कळतात. पन्नास चोखंदळ वाचक लेखकाला तासून काढतात, आणि तेच पन्नास पुरेसे वाटू लागले की तो त्यांच्यापुरते लिहू लागतो. लव्हक्राफ्टचेच पाहा. त्याने आयुष्यात हजारो पत्रे लिहिली. अभ्यासकांचे अंदाज लाखाच्या आसपास जातात. 1937मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या कथांचा एकही धड संग्रह बाजारात नव्हता. त्याच्या दोन पत्रमित्रांनी, ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वँड्री यांनी, 1939मध्ये 'आर्कम हाऊस' ही प्रकाशनसंस्था मुद्दाम त्याच्यासाठी काढली आणि पहिला जाडजूड संग्रह छापला. म्हणजे वर्तुळानेच त्याला बाहेर नेले हे खरे, पण ते बघायला तो नव्हता.

नवा वाचक दाराच्या फटीतून येतो, आणि ती फट बहुतेक वेळा दुसऱ्याच्या अंकात असते. गर्न्सबॅकने छापलेले पत्ते ही अशी एक फट होती. हौशी अंकांत इतरांच्या अंकांची ओळख करून देणारे सदर असे, खाली पत्ता आणि मागणीची अट. ही सदरे मला लेखांहून अधिक कामाची वाटतात. या कल्पनेचा कळस 1982 साली झाला. माइक गंडरलॉय नावाच्या तरुणाने 'फॅक्टशीट फाइव्ह' सुरू केले. सुरुवात दोन पानी. मजकूर जवळजवळ एकच: कोणकोणते छोटे अंक निघत आहेत, त्यात काय आहे, किती पाने, किंमत काय, अदलाबदल चालते का, पत्ता कोणता. विज्ञानकथावाल्यांचा अंक, त्याखाली पंक संगीताचा, त्याखाली अराजकवाद्यांचा, मग कोणी आपल्या नोकरीतल्या तक्रारी लिहून काढलेला. परीक्षण चार ओळींचे, पण त्या चार ओळींत अंक कोणासाठी आहे हे समजे. पंक संगीताच्या शोधात आलेला वाचक शेजारच्या नोंदीवर अडखळे आणि एक डॉलर पाकिटात घालून भलतेच काही मागवे. शिफारस आपल्या गोटाबाहेरच्या माणसाकडून आली की वाचक हलतो. गोटातल्याने केलेली स्तुती गोटातच फिरते. अंकांचा ओघ इतका वाढला की एका अंकात शेकडो परीक्षणे येऊ लागली, आणि 1991मध्ये, 44व्या अंकानंतर, गंडरलॉयने थकून हात टेकले. पुढे दुसऱ्यांनी ते काही वर्षे चालवले.

आपल्याकडे हीच गोष्ट वेगळ्या वळणाने झाली. 1955च्या सुमारास मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' काढले, सायक्लोस्टाईल करून. साठच्या दशकात 'असो', 'फक्त', 'येरू', 'वाचा' अशी अनियतकालिके निघाली. त्यांना अभिप्राय हवाच होता, पण तो कोणाकडून, हा भांडणाचा मुद्दा होता. तोवर मराठी कथालेखकाला सर्वांत कसून अभिप्राय मिळे तो 'सत्यकथा' या मासिकाकडून. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी कथा परत पाठवताना लिहिलेली पत्रे अजून लोक सांगतात. ते अभिप्राय जाणत्याचे होते, पण एका टेबलावरून येत होते, आणि त्या टेबलाची अभिरुची अमान्य असणाऱ्यांना परतीच्या पाकिटापलीकडे वाट नव्हती. 1969मध्ये अनियतकालिकांच्या गोटातले राजा ढाले आणि त्यांच्या साथीदारांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला, त्यामागचा राग केवळ वाङ्मयीन नव्हता हे उघड आहे. अनियतकालिकांनी संपादकाच्या टेबलाला बगल दिली. मात्र वर्तुळ लहानच राहिले. प्रती थोड्या, पुष्कळशा हातोहात गेलेल्या, आणि बहुतेक मुंबई-पुण्याच्या मित्रमंडळींतच फिरलेल्या.

औरंगाबादेहून गंगाधर पानतावणे यांनी चालवलेले 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक या बाबतीत निराळे. नव्या दलित लेखकांसाठी ते व्यासपीठ होते हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या लेखक-वाचक मेळाव्यांबद्दल तितके बोलले जात नाही. या मेळाव्यांत अंकात लिहिणारे आणि अंक वाचणारे एका मांडवाखाली समोरासमोर येत, कविता-कथा वाचल्या जात, त्यांवर चर्चा होई. श्रोत्यांत असे पुष्कळ असत की ज्यांच्या घरात छापील मासिक पूर्वी कधी आलेच नव्हते. मेळावे औरंगाबादेपुरते राहिले नाहीत, महाराष्ट्रात ठिकठिकाणी भरले. टपालाने जिथे पोचता आले नसते तिथे त्रैमासिक आपल्या लेखकांनाच घेऊन गेले.